आजीला ‘कुंकू’ ऐकू येतो

मागच्या दिवाळीत केमला घरी गेले तेव्हा हॉलमध्ये नवा सिनेमा लागला होता. दादानं हौसेनं होम थिएटर आणलं होतं: पाच स्पीकर, एक मोठा सबवूफर, वर निळा दिवा. घरातली, शेजारची मिळून दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि आजी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत होती. मी म्हटलं, “आजी, आत ये की. जागा करते तुला.”

“आत येऊन काय करू? गाणं आभाळाएवढं अन् बोलणं मुंगीएवढं. तुमी हसता तवा मी हसायचं, एवढंच कळतंय मला.”

हे ऐकून मला जरा लाजच वाटली. कारण माझ्या पीएचडीचा विषय नेमका हाच आहे. पार्श्वसंगीताखाली मराठी बोलणं कुठे, किती आणि का हरवतं, हे मी गेली तीन वर्षं मोजतेय. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं, मग ध्वनिशास्त्राकडे वळले. प्रयोगशाळेत हेडफोन लावून बसलेल्या लोकांना मी शब्द ऐकवते आणि विचारते, “सात ऐकू आलं की साठ?” आणि माझ्याच घरातली बाई सिनेमा सोडून लसूण सोलत बसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंमत झाली. मी एका लेखाच्या निमित्तानं प्रभातचा ‘कुंकू’ मोबाइलवर बघत होते. १९३७ सालचा सिनेमा. प्रिंट खरवडलेली, मागे सतत खरखर, मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. आजी पलीकडे पडली होती. थोड्या वेळानं उठून बसली, मग जवळ सरकली. नीरा नवऱ्याला काय म्हणते ते मला ऐकू यायच्या आधी आजीच पुढचं बोलायची. शेवटपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, “हे कसं सगळं ऐकू आलं गं?”

प्रश्न सरळ आहे. नव्वदीला टेकत आलेला, एकाच पट्टीत मुद्रित केलेला आवाज ज्या कानाला कळतो, त्याच कानाला हजारो रुपयांच्या पाच स्पीकरमधून आलेला आजचा आवाज का कळत नाही? ‘जुनं ते सोनं’ एवढ्यावर सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. याचं उत्तर थोडं आजीच्या कानात आहे, थोडं आमच्या हॉलमध्ये आहे, आणि बरंचसं गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

आधी आजीचा कान

केम म्हटलं की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: पुणे-सोलापूर लाइनवरचं स्टेशन आणि कुंकू. करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावचं कुंकू देवस्थानांच्या बाजारांत लांबवर जातं. आजीनं ऐन उमेदीची बरीच वर्षं कुंकवाच्या एका लहान कारखान्यात काढली. तिचं काम पुड्या भरायचं, पण दळायचं यंत्र त्याच खोलीत. तिथे दोन बायका बोलायच्या तर एकमेकींच्या कानाला तोंड लावून.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात तिच्या कानांची तपासणी करून घेतली. आलेख बघितल्यावर मला काही विचारावं लागलं नाही. खालचे, म्हणजे जाड आवाज ती बऱ्यापैकी ऐकते. २,००० हर्ट्झनंतर रेघ खाली उतरते आणि ४,०००च्या आसपास तर खड्डाच आहे. वय हे एक कारण, आणि वर्षानुवर्षांचा यंत्राचा आवाज हे दुसरं. गोंगाटात काम केलेल्या माणसांच्या कानात हा ४,००० हर्ट्झचा खड्डा जगभर सापडतो.

आता मराठी बोलण्याकडे बघा. स्वरांचा जोर खाली असतो. ‘आ’, ‘ओ’ यांची बहुतेक ऊर्जा १,००० हर्ट्झच्या अलीकडेपलीकडे. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’, ‘थ’ यांच्यातला फरक मात्र वर, २,००० ते ८,०००च्या पट्ट्यात. स्वरांमुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं. काय बोलतंय ते व्यंजनांमुळे कळतं. म्हणून आजी म्हणते, “आवाज येतोय, पण बोलणं कळत नाही.” सात-साठ, पाट-पाठ, कात-काठ या जोड्या तिच्यासाठी जवळजवळ एकच आहेत. संदर्भावरून ती ओळखते, आणि ओळखायला तिला थोडी उसंत लागते.

त्यात संगीत आलं की काय होतं? १९२४ साली अमेरिकेत वेगेल आणि लेन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की एक सूर दुसऱ्या सुराला झाकतो, आणि ही झाकाझाकी सारखी नसते. जाड, खालचा सूर मोठा केला की तो आपल्या वरच्या सुरांना झाकत जातो. वरचा सूर खालच्याला तेवढा झाकत नाही. म्हणजे सबवूफरमधली घुमघुम नुसती घुमघुम राहत नाही, ती वर चढून व्यंजनांवर पडते. आजीच्या व्यंजनांत आधीच जीव नाही, त्यात ही भर.

दुसरं एक आहे. तबला वाजतो तेव्हा दोन ठोक्यांच्या मधे फट असते. तरुण कान त्या फटीत डोकावून शब्द उचलतो. व्हायोलिनांचा ताफा किंवा सिंथेसायझरचा लांबच लांब सूर मात्र फट ठेवतच नाही. वयस्क कानाला फटीसुद्धा नीट वापरता येत नाहीत, तिथे सलग सूर म्हणजे भिंतच.

खड्ड्यातला ऑर्गन

माइक नव्हते तेव्हा मराठी माणूस रात्र रात्र बोलणं आणि गाणं एकाच बैठकीत ऐकत होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं आणि पुढची पन्नासेक वर्षं संगीत नाटकाची झाली. पदांची रेलचेल, साथीला पायपेटी किंवा ऑर्गन, तबला, सारंगी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी, तेव्हाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला छातीखेरीज काही नव्हतं.

मग समतोल कोण राखत होतं? साथीदार. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ असत. असा माणूस नटाचा श्वास बघून हात हलका करतो. जागाही ठरलेल्या असत. साथीदार जवळ सरकला की आवाज वाढतो, लांब गेला की उतरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं घसरते. आज मिक्सरवर बोट सरकवून जे करतात ते तेव्हा सतरंजी सरकवून होत होतं.

पण माझ्या मते खरी किल्ली वेगळीच होती. पद सुरू झालं की संवाद थांबायचा आणि संवाद सुरू झाला की साथ थांबायची. दोघं एकमेकांच्या अंगावर येतच नसत. वेळेची वाटणी केल्यावर झाकाझाकीचा प्रश्नच उरत नाही. मूकपटांच्या काळातही थिएटरात पेटी-तबला वाजत असे, पण पडद्यावरची माणसं मुकी, त्यामुळे भांडण नव्हतं. बोलणाऱ्या माणसाच्या मागे मुद्दाम सतत संगीत वाजत ठेवायची सवय आपल्याकडे पसरली ती बोलपटाबरोबर.

एक माइक, सगळे त्याच्यापुढे

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. अर्देशीर इराणींचा इंपीरियल स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, आणि दिवसा गाड्यांचा आवाज माइकमध्ये शिरायचा, म्हणून बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्या की करावं लागलं. (केमच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडेही मालगाडी जाताना बोलणारा वाक्य अर्धं सोडतो आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो.) आवाज थेट फिल्मवर, चित्राबरोबरच नोंदला जात होता. माइक नटांच्या जवळपास लपवलेले, आणि वादक चौकटीबाहेर. नट गातोय, बाजूला पेटी-तबला वाजतोय, आणि सगळं मिळून एकदाच नोंदलं जातंय. एकदा फिल्मवर गेलं की नंतर तबला कमी करता येत नव्हता. पुन्हा सगळं करायचं.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. म्हणून त्या काळचा समतोल प्रत्यक्ष ऐकायचा तर प्रभातकडे जावं लागतं. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट, आणि सुदैवानं तो टिकला. कोल्हापुरात व्ही. शांताराम यांनी तो केला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. टेंबे हे नाटकातले, पेटीतले मुरलेले गृहस्थ, ‘मानापमाना’च्या चालीही त्यांच्याच. ते स्वतः गात होते, तेही चित्रण चालू असताना. प्रभातचा ध्वनी विभाग विष्णुपंत दामल्यांकडे होता. हे तेच दामले, ज्यांनी पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. मूकपटांच्या काळात पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत हात घातलेला माणूस आता कानाला हेडफोन लावून बसला.

हा सिनेमा ऐकताना संगीत नाटकाची वेळवाटणी अजून जिवंत असल्याचं जाणवतं. बोलतात तेव्हा बोलतात, गातात तेव्हा गातात. आणि नटांना शेवटच्या रांगेसाठी बोलायची सवय. शब्द सुटासुटा, व्यंजन ठासून. आज आपण त्याला ‘नाटकी’ म्हणून हसतो. माझ्या आलेखांत मात्र तसं बोललेलं वाक्य पार्श्वसंगीताखाली कितीतरी उशिरा बुडतं.

मग तंत्र पुढे सरकलं. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन आणलं: गाणं आधी शांतपणे नोंदायचं, चित्रणाच्या वेळी नटानं ओठ हलवायचे. हॉलीवूडमध्ये त्याच सुमारास बोलणं, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदून शेवटी एकत्र करायची पद्धत रुळत होती. आता तबला नंतर कमी करता येणार होता. पण नंतर वाढवताही येणार होता, आणि संवादाखालीही सरकवता येणार होता. वेळेची वाटणी मोडली ती इथे.

आता ‘कुंकू’

नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर शांतारामांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ केला. हिंदीत ‘दुनिया न माने’. नीराला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात, आणि ती हे लग्न मानायला नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. संगीत केशवराव भोळ्यांचं.

आणि या सिनेमात पार्श्वसंगीत नाही.

नजरचुकीनं वगळलं गेलं असं नाही, ठरवून ठेवलेलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि घराबाहेरचं, रोजच्या जगण्यातलं. भिंतीवरचं घड्याळ तर त्यात एक पात्रच होऊन बसतं. काकासाहेबांचं वय त्या घड्याळाकडे बघून कळतं.

आधीच्या वर्षी ‘संत तुकाराम’ अभंगांनी भरून टाकणारे हेच भोळे इथे गप्प कसे बसले? मला वाटतं उत्तर चार वर्षं आधीच्या रंगमंचावर आहे. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर श्री. वि. वर्तकांनी बेतलेलं, वास्तववादी वळणाचं. पदांचा पूर नाही. थोडी, छोटी, भावगीताच्या अंगाची गाणी. केशवराव दाते आणि केशवराव भोळे दोघंही त्या मंडळींतले. माणूस खोलीत बोलतो तसं रंगमंचावर बोलावं आणि गाण्यानं बोलण्याला दाबू नये, हा धडा ते तिथे गिरवून आले होते. ‘कुंकू’त तो पडद्यावर आला.

हे त्यांनी प्रेक्षकांच्या कानांची सोय म्हणून केलं असा माझा दावा नाही. हेतू कलेचा होता. पण परिणाम भौतिकशास्त्राचा झाला. त्या घरात एक मुलगी ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या ‘नाही’वर दुसरा कोणताही सूर पडत नाही. आजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. तिला विचारून झालं नव्हतं. नीराचा एकेक शब्द ती का धरून बसली होती हे मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर त्या काळच्या ध्वनिपट्टीच्या मर्यादाही आजीच्या बाजूच्याच होत्या. फिल्मवरच्या पट्टीत खोल जाड आवाज मावत नव्हते आणि ८,००० हर्ट्झच्या वरचं फारसं उरत नव्हतं. ही बंदिस्ती वाईट वाटते, पण लक्षात घ्या, जुना लँडलाइन फोन जेमतेम ३०० ते ३,४०० हर्ट्झ पोचवायचा आणि तरी आपण त्यावर निरोप, भाव, लग्नाच्या तारखा सगळं बिनचूक सांगत होतो. शिवाय पट्टीतल्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात जेमतेम ४०-५० डेसिबलचं अंतर. हलकं बोलणं खरखरीत बुडेल म्हणून ते वर उचलावंच लागे, आणि मोठं संगीत वर फाटेल म्हणून दाबावंच लागे. पट्टी अरुंद होती म्हणून दोघं शेजारी शेजारी राहिले.

तंबूतला भोंगा

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पार्श्वसंगीत परत आलं, मोठ्या ऑर्केस्ट्रासह आलं. तरीही आजीच्या तरुणपणी तिला सिनेमा ऐकू यायचाच. सोलापूर जिल्ह्यातल्या यात्रांत तंबू टॉकीज यायच्या. ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटर, कापडी पडदा. शेजारच्या कनातीत तमाशाची ढोलकी, बाहेर पाळणेवाला ओरडतोय, आणि मधे सिनेमा. आजी सांगते, पडद्याच्या मागे-पुढे दोन्हीकडे माणसं बसायची. मागून बघितलं तर हिरो डावखुरा दिसायचा.

तिथे आवाज भोंग्यातून यायचा. भोंगा खोल आवाज टाकूच शकत नाही. तो मधला पट्टा, म्हणजे नेमका बोलण्याचा पट्टा, जोरात फेकतो. आज ज्या भोंग्याला आपण कर्कश म्हणतो तो संवादासाठी जणू घडवलेला होता. आणि मिक्सिंग करणाऱ्यालाही माहीत असायचं की आपलं काम शेवटी कुठल्या तरी यात्रेत, कुठल्या तरी भोंग्यातून ऐकलं जाणार. मग तो संवादाखाली संगीत बिनदिक्कत उतरवायचा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे गावोगाव टीव्ही आले, त्यांचा एकच छोटा स्पीकर होता आणि तो बघणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला होता. आताच्या सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणजे आवाज आधी भिंतीला भेटून मग आपल्याकडे येतो.

मधला स्पीकर

आता आमच्या हॉलमधल्या पाच स्पीकरांची गोष्ट. त्याची मुळं १९३०च्याच दशकात आहेत, म्हणजे ‘कुंकू’च्या सुमारास. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेनं फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तीन वेगळ्या वाहिन्यांतून: डावी, मधली, उजवी. तीन का? दोनच स्पीकर ठेवले तर बरोबर मध्यावर बसलेल्याला आवाज मधोमध वाटतो, पण बाजूला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरला चिकटलेला वाटतो आणि मधे पोकळी पडते. मधला स्पीकर ती पोकळी भरतो. सिनेमानं हे उचललं आणि बोलणारा माणूस मधल्या स्पीकरवर बसवला. डावे-उजवे संगीताला, मागचे आसमंताला.

आपल्याकडे १९७५च्या ‘शोले’नं ७० एमएमवर अनेक वाहिन्यांचा आवाज घरोघरच्या बोलण्यात आणला. १९९२ पासून डॉल्बी डिजिटल सिनेमागृहांत आलं, मग डीव्हीडीतून घरात. ५.१ म्हणजे पाच वाहिन्या आणि सहावी फक्त घुमघुमीची. अरुंद पट्टी गेली. आता हलक्या आणि मोठ्या आवाजात १०० डेसिबलच्या आसपास अंतर ठेवता येतं.

ठेवता येतं म्हणून ठेवलं गेलं. सिनेमाचं मिश्रण ज्या खोलीत होतं तिथे स्पीकर ८५ डेसिबलच्या खुणेवर लावलेले असतात, खोली शांत, भिंती आवाज गिळणाऱ्या. तिथे कुजबुजही कळते. आमच्या हॉलमध्ये वर पंखा, बाहेर गाडी, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. आवाज आपण त्यापेक्षा दहा-पंधरा डेसिबल खालीच ठेवतो. कुजबूज पंख्याखाली जाते. दादा आवाज वाढवतो. पुढच्या क्षणी मारामारी येते, खिडकीची तावदानं थरथरतात, आई ओरडते, दादा कमी करतो. रिमोट हातातून सुटत नाही. त्या काळचा तबलजी जे काम करायचा ते आता दादाचा अंगठा करतो, फक्त दोन सेकंद उशिरा.

यात आणखी एक फास आहे. १९३३ मध्येच बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाचे आलेख काढले. आवाज कमी केला की आपल्या कानाला जाड सूर इतरांपेक्षा जास्त कमी झाल्यासारखे वाटतात. मग घरात कमी आवाजावर सिनेमा ‘पोकळ’ वाटतो, आणि दादासारखी माणसं सबवूफर वाढवतात. वाढलेली घुमघुम वर चढून व्यंजनं झाकते. म्हणजे संगीत भरदार लागावं म्हणून जे केलं, त्यानं आजीचं बोलणं नेलं.

कपाटावरचा देव्हारा

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी एका दुपारी टीव्हीच्या मागे शिरले. पाचपैकी मधला स्पीकर कुठेय ते सापडेना. शेवटी तो काचेच्या कपाटावर, देवीच्या तसबिरीशेजारी मिळाला. बसवून गेलेल्या माणसाकडे लांब वायर नव्हती म्हणून तो तिथे ठेवलेला. आईनं वर विणलेलं आच्छादन घातलं होतं, छान दिसावं म्हणून. तोंड छताकडे. घरातलं प्रत्येक संभाषण गेले सात महिने छताला सांगितलं जात होतं.

मी तो टीव्हीखाली आणून आजीच्या कानाच्या दिशेनं थोडा तिरपा केला. सेटिंगमध्ये मधली वाहिनी ४ डेसिबलनं वाढवली, सबवूफर निम्म्यावर आणला आणि ‘नाइट मोड’ चालू केला. हा मोड म्हणजे मोठे आवाज दाबून हलके वर उचलणारी सोय, म्हणजेच ‘कुंकू’ची अरुंद पट्टी कृत्रिमपणे परत आणणं. दादा थोडा हिरमुसला. “मग एवढं भारी घेऊन काय उपयोग?” त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, युद्धाचा प्रसंग आता मिळमिळीत लागतो. रात्री सगळ्यांबरोबर बघताना नाइट मोड, आणि तो एकटा असेल तेव्हा त्याला हवं ते, असा तह झाला.

ज्यांच्याकडे दोनच स्पीकर किंवा नुसता टीव्ही आहे त्यांनी एक तपासा. ॲपमध्ये किंवा सेट टॉप बॉक्समध्ये आवाज ‘५.१’वर ठेवलेला असेल आणि पुढे मधला स्पीकरच नसेल, तर काही उपकरणं मधली वाहिनी नीट दोघांत वाटून देत नाहीत. संगीत दणकून येतं आणि संवाद भुतासारखे मागून. तिथे ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडलं की बऱ्याचदा माणसं परत बोलायला लागतात. मला येणाऱ्या निम्म्या फोनांचं उत्तर एवढंच असतं.

आजीचं काय झालं? फरक पडला, पण पुरता नाही. दिवाळीचा तो सिनेमा तिला निम्मा कळला. धडधाकट कान गोंगाट बोलण्याएवढा किंवा थोडा जास्त असला तरी निभावून नेतो. तिला बोलणं संगीताच्या बऱ्यापैकी वर लागतं, आणि आजच्या मिश्रणांत ते अंतर ठेवलेलंच नसतं. त्यात हल्ली नट ओठातल्या ओठात बोलतात. मधली वाहिनी वाढवून न उच्चारलेला ‘ट’ येत नाही. कानाच्या यंत्राबद्दल ती अजून तयार नाही. “कुंकवाच्या गिरणीतलं यंत्र गेलं अन् आता कानात दुसरं?” असं म्हणते.

माझ्या प्रबंधाच्या पुढच्या टप्प्यात मी तिच्यासारखेच कान असलेल्या, गिरण्या-कारखान्यांत काम केलेल्या मराठी बायकांना तीन प्रकारचं पार्श्वसंगीत लावून तीच वाक्यं ऐकवणार आहे: फटी असलेलं तालवाद्य, सलग तंतुवाद्यं, आणि काहीच नाही. केममध्ये पहिल्या सहा जणी तयार झाल्यात. आजीनंच त्यांना गोळा केलं, आणि तिनं अट घातली आहे की चाचणी झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवून ‘कुंकू’ दाखवायचा, दादाच्या मधल्या स्पीकरवर.